ग्वादालुपेची धार: माउंटन लायनच्या मुलखात चार दिवस

पश्चिम टेक्सासात, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला लागून ग्वादालुपे माउंटन्स नॅशनल पार्क आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाच्या डोंगराळ भागातून आरपार जाणारा एकही रस्ता नाही, आणि वरच्या पठारावर भरवशाचं पाणी नाही. बाकीचा सगळा बेत या दोन गोष्टींवरून ठरतो. माउंटन लायन, म्हणजेच प्यूमा, इथे सगळीकडे आहे. पण पहिल्यांदा जाणारे त्याच्याविषयी जितकं वाचतात तितकं लक्ष पाण्याच्या हिशोबाकडे देत नाहीत, आणि अर्ध्यातून परततात ते पाण्यामुळे.

हा मार्ग दक्षिणेच्या पाइन स्प्रिंग्जहून सुरू होतो, पश्चिम कड्याच्या धारेने बुश माउंटनला जातो, उत्तरेला डॉग कॅन्यनमध्ये उतरतो, तिथून पुन्हा चढून मॅककिट्रिक धारेवर येतो आणि पूर्वेला मॅककिट्रिक कॅन्यनमध्ये संपतो. एकूण 48 किलोमीटरच्या आसपास. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चार दिवसांत एवढं अंतर म्हणजे काहीच वाटणार नाही. पाठीवर सात लिटर पाणी आणि पायाखाली धारदार चुनखडी असली की तेवढंच पुरेसं होतं.

आदला दिवस: पाइन स्प्रिंग्ज

एल पासो विमानतळापासून पूर्वेला साधारण 175 किलोमीटर. पेट्रोल, जेवण आणि गॅसचं कॅनिस्टर एल पासोतच घ्या. कॅनिस्टर विमानात नेता येत नाही आणि उद्यानात विकत मिळत नाही. वर शेकोटी किंवा कोळसा पेटवायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे स्वयंपाक फक्त गॅसवर.

वर राहायला परवाना लागतो आणि मुक्काम नेमून दिलेल्या जागांवरच करावा लागतो. प्रत्येक तळावर तंबूच्या मोजक्याच जागा असतात. ऑक्टोबरअखेरचे शनिवार-रविवार फार आधी भरतात, कारण तेव्हा मॅककिट्रिकमधले मेपल लाल होतात. परवाना घेताना रेंजर विचारतोच, किती पाणी नेताय? उद्यानाची शिफारस माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे 3.8 लिटर. थंडीच्या दिवसांत तीन लिटरमध्ये भागतं असं म्हणणारे भेटतील. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, त्यामुळे आपण किती गमावतोय ते कळत नाही. शिफारस पाळा.

घड्याळाचा एक घोळ इथे कायम होतो. टेक्सासचा बहुतेक भाग सेंट्रल वेळेत असला तरी हे उद्यान माउंटन वेळेत आहे. फोन कोणता टॉवर पकडतो त्यावर तासाभराने पुढेमागे होतो. शेवटच्या दिवशी मॅककिट्रिकच्या गेटची वेळ गाठायची असल्याने फोनची वेळ हाताने डेन्व्हरची लावून ठेवावी.

दोन गाड्या असतील तर एक आदल्या दिवशीच मॅककिट्रिकला ठेवून यावं आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी. एकच गाडी असेल तर तिसऱ्या दिवशी मॅककिट्रिक धारेकडे न वळता तेहास तळावर मुक्काम करून चौथ्या दिवशी हंटर पीकमार्गे पाइन स्प्रिंग्जला उतरता येतं. तोही चांगला रस्ता आहे, फक्त कॅन्यन हुकते.

पाणी कशात भरायचं याला महत्त्व आहे. सगळं पाणी एकाच मोठ्या ब्लॅडरमध्ये, म्हणजे मऊ पिशवीत, भरू नका. इथे वाटेच्या कडेला लेचुगिया नावाचं घायपाताच्या कुळातलं झुडूप आहे. जेमतेम वीतभर ते हातभर उंच, पण प्रत्येक पान म्हणजे टोकाला काळा काटा असलेलं पातं. सॅक टेकवताना मागे पाहिलं नाही तर काटा कापडातून थेट ब्लॅडरमध्ये शिरतो. दोन-दोन लिटरच्या जाड प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या आणि हाताशी एक लिटरची, असे सात लिटर बरे. जड बाटल्या पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध. तळाशी ठेवल्या तर चढावर सॅक मागे ओढते.

खाणंही पाण्याच्या हिशोबानेच न्यायचं. पाणी घालून फुगवायच्या तयार जेवणाच्या एका पाकिटाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी जातं. त्यापेक्षा मेथीचे ठेपले, दशम्या, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, चिवडा. ठेपले तेलावर नीट भाजलेले असतील तर या कोरड्या थंडीत तीन दिवस सहज टिकतात. खारे दाणे आणि ओआरएसची पाकिटं हवीतच, कारण नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ गेलं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ती तहान समजून आणखी पाणी पितो.

शेवटचं म्हणजे वारा. रेंजर केंद्रात लावलेला हवामानाचा अंदाज वाचून मगच निघा. वसंतात, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, पाइन स्प्रिंग्जजवळच्या खिंडीतून ताशी 100 किलोमीटरच्या वरचे झोत येतात. तसा इशारा असेल तर पहिला मुक्काम बुश माउंटनवर न ठेवता अलीकडे पाइन टॉपला झाडीत बदलून मिळतो का ते विचारावं.

पहिला दिवस: पाइन स्प्रिंग्ज ते बुश माउंटन (सुमारे 10 किमी, चढ 900 मीटर)

पाइन स्प्रिंग्ज साधारण 1,750 मीटरवर आहे. तेहास ट्रेल तिथून दक्षिणाभिमुख उतारावर वळणं घेत सहा किलोमीटर चढते आणि या सहा किलोमीटरमध्ये सावली नाही. ऊन चढायच्या आत, म्हणजे उजाडताच निघायचं. मात्र उजाडताच, अंधारात नव्हे. प्यूमाचा वावर मावळतीपासून उगवतीपर्यंत जास्त असतो आणि डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात माणसाला फक्त पुढचे दहा मीटर दिसतात. ऑक्टोबरअखेरीस सूर्य सकाळी सातच्या पुढे उगवतो, म्हणजे फार लवकर उठावंही लागत नाही.

पाठीवर सोळा-सतरा किलो असताना चढाला साडेतीन ते चार तास लागतात. दर तासाला थांबून अर्धा लिटर पाणी आणि मूठभर दाणे. कड्यावर पोचलं की देखावा एकदम बदलतो. खाली निवडुंग आणि सोटोलची काटेरी पात्यांची झुडपं, इथे पाँडेरोसा पाइन, डग्लस फर आणि गँबेल ओक. सरळ जाणारी वाट तेहास ट्रेल, उजवीकडची बोल ट्रेल, आपण डावीकडे बुश माउंटन ट्रेलवर वळायचं. पाच-सात मिनिटांत पाइन टॉप तळ लागतो.

इथून धार सुरू होते. डाव्या हाताला ग्वादालुपे पीक (2,667 मीटर, टेक्सासमधलं सर्वांत उंच शिखर) आणि पुढे कडा तुटतो तिथे दीड किलोमीटर खाली पांढऱ्या मिठाची खाजणं पसरलेली दिसतात. पायाखालचा दगड म्हणजे पर्मियन काळातला समुद्री रीफ, म्हणजे समुद्रातल्या जीवांनी रचलेली भिंत, सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वीचा. थांबून खडकाकडे बारकाईने पाहिलं तर स्पंज आणि शैवालांचे ठसे दिसतात. बुश माउंटन (2,631 मीटर) हे राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर, पण माथा इतका सपाट की नकाशा पाहिल्याशिवाय आपण वर आलोय हे कळत नाही.

तळ शिखराच्या जवळच आहे. जमीन म्हणजे खडकावर दोन-चार बोटं माती; खुंट्या जेमतेम निम्म्या रुततात. तंबूच्या दोऱ्या जाड काठीला बांधून काठीवर मोठे दगड रचावेत. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर चुनखडीची धार रात्रभराच्या फडफडीत ती कापते. तंबूचं तोंड पूर्वेला. फुगवायची गादी असेल तर आधी तळव्याने जमीन चाचपा; लेचुगियाचं वाळलेलं टोक मातीत दिसत नाही आणि गादी पहाटेपर्यंत बसते.

अन्न कडक डब्यात बंद करून तंबूपासून लांब. अस्वलं इथे तुरळक आहेत, पण रिंगटेल नावाचा मांजराएवढा निशाचर प्राणी आणि उंदीर सॅकची चेन कुरतडून आत शिरतात. शौचासाठी 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा. कागद परत न्यायचा.

दुसरा दिवस: बुश माउंटन ते डॉग कॅन्यन (सुमारे 14-15 किमी)

या दिवसाच्या निम्म्या भागात बहुतेक कोणी भेटत नाही. वाट धारेने उत्तरेला जाते, उजवीकडे ब्लू रिजचा फाटा सोडते आणि वेस्ट डॉग कॅन्यनकडे उतरू लागते. या भागात वणव्यांनी जंगल खाल्लं आहे. जळालेली झाडं वाऱ्याबरोबर वाटेवर पडत राहतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत लोकस्टची काटेरी झुडपं माजतात. अर्ध्या बाह्या आणि अर्धी पँट घालून आलेल्यांच्या पोटऱ्यांवर दुपारपर्यंत रांगोळी उमटलेली असते.

वाट चुकते ती पडलेल्या झाडांपाशी. ओंडक्याला वळसा घालताना माणूस खालच्या बाजूने जातो, पलीकडे जनावरांची पायवाट दिसते आणि तीच धरतो. एल्क आणि म्यूल डिअर या हरणांनी पाडलेल्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा ठळक असतात. नियम एकच: वळसा घालून झाल्यावर मूळ वाटेच्या रेषेत परत यायचं आणि शंभर मीटरच्या आत दगडांची रास दिसली नाही तर ओंडक्यापर्यंत मागे फिरायचं. ऑफलाइन नकाशा फोनमध्ये हवाच, आणि कागदी नकाशाही. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते.

धारेवरच्या खिंडी आणि सपाट माथे प्यूमाच्याही येण्याजाण्याच्या वाटा असतात. इथे खुणा दिसायची शक्यता सर्वांत जास्त. जुन्नर-आंबेगाव भागात बिबट्याचा ठसा पाहिलेल्याला हा ठसा ओळखीचा वाटेल: सात ते नऊ सेंटिमीटर रुंद, लांबीपेक्षा रुंदी किंचित जास्त, नखं उमटलेली नाहीत, तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. कोल्ह्यासारख्या कोयोटीचा ठसा लांबट आणि नखांसह असतो. पावसानंतर मऊ मातीत कोणताही ठसा फुगून मोठा दिसतो, तेव्हा आधी नखं आणि फुगवटे पाहा, मग आकार. दुसरी खूण म्हणजे खरवड. नर मागच्या पायांनी पाइनच्या सुया मागे ओढतो. जमिनीवर दोन समांतर पट्टे आणि त्यांच्या टोकाला छोटा ढीग. पट्टे त्याने पुढून मागे ओढलेले असतात, म्हणून ढिगाच्या विरुद्ध बाजूला त्याचं तोंड होतं.

या दोन्ही खुणा दिसल्या तरी चालत राहायला हरकत नाही. हरकत आहे ती तिसऱ्या गोष्टीला: पालापाचोळा, काटक्या आणि मातीखाली अर्धवट झाकलेलं हरीण. ती त्याची राखून ठेवलेली शिकार आणि तो आसपासच असतो. फोटोसाठी जवळ जायचं नाही. आल्या वाटेने थोडं मागे येऊन, मोठ्याने बोलत, लांबून वळसा घालायचा आणि खाली गेल्यावर रेंजरला जागा सांगायची.

प्रत्यक्ष समोर आलाच तर पळायचं नाही. पळणारी गोष्ट मांजराला भक्ष्य वाटते. बसायचं किंवा वाकायचंही नाही. मूल बरोबर असेल तर न वाकता, नजर त्याच्यावर ठेवून गुडघ्यातून खाली जाऊन उचलायचं. जॅकेट दोन्ही हातांनी पसरून मोठं दिसायचं, ठाम मोठ्या आवाजात बोलायचं आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरकायचं. तरी पुढे आला तर दगड, काठी, जे हाताशी असेल ते. अंगावर आल्यास मान झाकून उभं राहायचा प्रयत्न करत लढायचं. मेल्याचं सोंग त्याच्यासमोर चालत नाही. उत्तर अमेरिकेत गेल्या शंभराहून अधिक वर्षांत प्यूमाच्या हल्ल्यात मेलेल्यांची संख्या तीसच्या आसपास आहे. या वाटेवर घोट्याला आणि पोटाला होणारे त्रास त्यापेक्षा कितीतरी जास्त.

उद्यानाच्या आत त्याला संरक्षण आहे. टेक्सासच्या बाकीच्या भागात मात्र परवानाधारक शिकारी वर्षभर, संख्येची मर्यादा न पाळता त्याला मारू शकतो. म्हणजे या धारेवरून एखाद्या रात्री पश्चिमेकडच्या रँचवर उतरलेलं जनावर पहाटेपर्यंत वेगळ्या कायद्याखाली असतं. शेजारच्या न्यू मेक्सिकोत त्याच्या शिकारीला हंगामी कोटा तरी आहे. हे वाचल्यावर कोणाला कोणाची भीती वाटायला हवी ते ज्याने त्याने ठरवावं.

मार्कस तळाजवळ वाट कॅन्यनच्या तळाशी पोचते आणि इथे दमछाक होते. उतरून झालं असं वाटत असतानाच मार्कस व्ह्यूपॉइंटपर्यंत दोनशे मीटरच्या वर चढ आहे, तोही दुपारच्या उन्हात. या चढासाठी दीड लिटर पाणी राखून ठेवा. बहुतेकांचं पाणी याच ठिकाणी संपतं, कारण सकाळच्या उतारावर ते सढळ हाताने पितात. व्ह्यूपॉइंटनंतर पाऊण तासाचा उतार आणि डॉग कॅन्यन.

डॉग कॅन्यनला (1,917 मीटर) नळ आहे, शौचालय आहे आणि कड्यांच्या आडोशामुळे वारा कमी. रस्त्याने इथून पाइन स्प्रिंग्जला जायचं तर वळसा घालून दोन तासांहून जास्त लागतात, म्हणजे कोणाचं पाऊल मुरगळलं असेल, पोट बिघडलं असेल तर निर्णय इथेच घ्यायचा. पुढच्या दोन दिवसांत पुन्हा नळ नाही आणि फोनला रेंज नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हाच आधार.

संध्याकाळी तळाच्या गवतात म्यूल डिअर चरायला येतात. जिथे हरणं तिथे त्यांच्या मागावर येणाराही. मुलं सूर्यास्तानंतर नजरेआड जाऊ द्यायची नाहीत आणि नळापर्यंत एकट्याने, कानात इअरफोन घालून जाणं टाळावं. कुत्र्याला मुळात ट्रेलवर बंदी आहे, ते बरंच आहे.

तिसरा दिवस: डॉग कॅन्यन ते मॅककिट्रिक धार (सुमारे 12 किमी)

पुन्हा सात लिटर. आज तेहास ट्रेलने दक्षिणेकडे. पहिले दोन-तीन किलोमीटर कोरड्या ओढ्याच्या कडेने, मॅड्रोनची लालसर साल सोलणारी झाडं आणि मगरीच्या पाठीसारखी खवलेदार साल असलेले जुनिपर पाहत आरामात जातात. मग लॉस्ट पीककडे चढ. शिखर (2,387 मीटर) वाटेपासून किंचित बाजूला आहे. सॅक ठेवून वर जाऊन येणं होतं, पण सॅक उन्हात उघडी टाकू नका. कावळे चेन उघडतात, खरंच.

लॉस्ट पीकनंतर एक-सव्वा किलोमीटरवर मॅककिट्रिकचा फाटा डावीकडे. एकाच गाडीवाल्यांनी इथे सरळ जायचं. डावीकडची वाट धारेच्या कडेकडेने, कधी जंगलात तर कधी साउथ मॅककिट्रिक कॅन्यनच्या अगदी काठावर चालते. या पूर्ण मार्गात सर्वांत देखणे हेच पाच-सहा किलोमीटर. चढउतार फारसे नाहीत, पण काठावरची खडी गोट्यांसारखी घरंगळते. काठ्या असतील तर दरीच्या बाजूची थोडी लांब करावी.

तळावर दिवस मावळायच्या तासभर आधी पोचायचा बेत ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासाभराने मागे जातात आणि त्यानंतर इथे पाचच्या सुमारासच अंधार पडतो. आदल्या आठवड्याचा अंदाज धरून निघालेले यात फसतात. झोपताना उद्यासाठी अडीच लिटर पाणी बाटलीत शिल्लक हवं. रात्री तापमान गोठणबिंदूच्या जवळ जाऊ शकतं, तेव्हा बाटल्या उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरून धरतं. उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं.

चौथा दिवस: मॅककिट्रिक कॅन्यन (सुमारे 12 किमी, उतार 800 मीटर)

पहिले सहा-सात किलोमीटर गुडघ्यांची परीक्षा. नॉचच्या खिंडीपाशी कॅन्यन एकदम उघडते. त्याखालचा उतार सर्वांत तीव्र आहे आणि दिवसा फिरायला आलेली माणसं समोरून वर येत असतात. चढणाऱ्याला वाट द्यायची रीत इथेही आहे.

खाली आलं की ग्रोटो, म्हणजे चुनखडीतली छोटी गुहा, आणि मग प्रॅट केबिन. भूशास्त्रज्ञ वॉलेस प्रॅट यांनी या कॅन्यनमधली आपली पाच हजारांहून जास्त एकर जमीन सरकारला दिली, त्यातूनच उद्यान उभं राहिलं. केबिनच्या छपराला त्यांनी दगडाच्याच फरशा घातल्या आहेत. ओढ्याला बारमाही पाणी आहे, पण त्यात उतरायला किंवा ते प्यायला मनाई आहे. चार दिवसांत पहिल्यांदा वाहतं पाणी दिसतं आणि बाटलीतल्या कोमट पाण्यावर समाधान मानावं लागतं.

केबिनपासून गाड्यांपर्यंत चार किलोमीटरला थोडा कमी, जवळपास सपाट, तासाभराचा रस्ता. मॅककिट्रिकचं गेट हिवाळी वेळेत दुपारी साडेचारला आणि उन्हाळी वेळेत सहाला बंद होतं. गाडी ठेवायला आत जातानाच पाटीचा फोटो काढून ठेवा, वेळ बदललेली असू शकते. हिवाळ्यात ग्रोटोला दोनच्या आत पोचला नसाल तर केबिनपाशी न रेंगाळता सरळ चालत सुटा. गाडीत प्यायचं पाणी, चपला आणि कोरडे मोजे आधीच ठेवलेले असावेत. परवान्याची प्रत पुढच्या काचेवर दिसेल अशी ठेवली नसेल, तर आपण अजून वरच आहोत की बाहेर पडलो आहोत हे शोधत रेंजरला फिरावं लागतं.